वजनाचं इंजेक्शन स्वस्त झालं, तरी आधी कुणाला?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचा आहे. आई ५८ वर्षांची, बरीच वर्षं शुगर, मध्यंतरी महात्मा फुले योजनेतून अँजिओप्लास्टी झालेली. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं, शुगर आणि भूक दोन्ही कमी करणारं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुचवलं, पण खर्च ऐकून घरच्यांनी चिठ्ठी घडी करून ठेवून दिली. त्याच सुमारास पुण्यातल्या मावसबहिणीनं लग्नाआधी तेच इंजेक्शन घेऊन दहा किलो उतरवले. त्यांचं विचारणं असं: हे औषध आमच्यासारख्यांसाठी नाहीच का? पेटंट संपलंय म्हणतात, तर भाव पडेपर्यंत थांबावं का? आणि तोवर अर्धा डोस घेतला तर चालेल का?

मी सांगली-मिरजेत गेली अनेक वर्षं मधुमेहाचेच पेशंट बघतो. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात माणसं स्वतःचं नुकसान करून घेतायत.

कवठेमहांकाळकडच्या दोन जावा ओपीडीत आल्या होत्या. दोघींत एक पेन. पेनाची कळ फिरवताना टक्-टक् आवाज येतो, ते टक् मोजून थोरली आपला डोस अर्ध्यावर थांबवायची आणि उरलेलं धाकटीला. मी बोललो तर थोरली म्हणाली, "सुई बदलतोय की ओ डॉक्टर, तेवढं कळतंय आमाला." सुई बदलली तरी टोचताना रक्ताचा अंश आतल्या काडतुसात मागे जाऊ शकतो. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं त्या वाटेनं जातं. इन्सुलिनचं पेन असो की हे, एका पेनाला एकच माणूस. एकाच डोसची छोटी बाटली मिळते, ती दोघांत वाटणं तर त्याहून वाईट. ती एकदाच वापरून टाकायची असते, उघडून फ्रिजमध्ये ठेवली की जंतूंना मोकळं रान.

पण तुमच्या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. मधुमेहासाठी सेमाग्लुटाइडचा डोस ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होतो, चार आठवड्यांनी ०.५ आणि गरज वाटली तर १ मिलिग्रॅम. वजनासाठी जे २.४ पर्यंत चढवतात ते वेगळं प्रकरण. तुमच्या आईंना २.४ च्या मागे लागायचं कारणच नाही. २०१६ मध्ये सस्टेन-६ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयाला धोका असलेले टाइप-२ मधुमेहाचे ३,२९७ रुग्ण, डोस ०.५ आणि १ मिलिग्रॅम. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ०.५ वर राहणं हा काही गरिबाचा तोडगा नाही, तो तपासून बघितलेला डोस आहे. कमी डोस चालेल, पण तो डॉक्टरांनी ठरवलेला हवा.

आता, आईंना हे औषध खरंच लागतं का? माझ्या मते लागतं, आणि मावसबहिणीपेक्षा कितीतरी जास्त. एकदा स्टेंट बसलेल्या मधुमेहीला हे औषध पुढचा झटका टाळण्यासाठी द्यायचं असतं. किलो उतरले तर तो वरचा फायदा.

अडचण अशी की जगभरातले बहुतेक नियम किलोवर आणि बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती या आकड्यावर, बेतलेले आहेत. आईंचा बीएमआय २९ भरतो. जागतिक व्याख्येप्रमाणे लठ्ठपणा ३० पासून सुरू होतो, म्हणजे कागदावर त्या 'थोडं जास्त वजन' या रकान्यात. आपल्याकडच्या डॉक्टरांनी २५ ही रेघ धरलेली आहे, आणि कंबर बायकांत ८० व पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका मानतात. हा फरक आपण सोयीसाठी केलेला नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनानं कमी, पण त्या मानानं चरबी राखून जन्माला येतात, हे त्यातून पुढं आलं. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. उसाच्या फडात दिवसभर राबणारा, हातपाय काडीसारखे आणि फक्त पोट सुटलेला माणूस पन्नाशीच्या आत मधुमेही होतो तो असा. त्याला कुणी जाडा म्हणत नाही, तोही स्वतःला म्हणत नाही.

या इंजेक्शनच्या वजनावरच्या मोठ्या चाचण्यांत आपल्यासारखी शरीरं थोडीच होती. २०२१ च्या स्टेप-१ मध्ये १,९६१ लोक होते, त्यातले तीन-चतुर्थांश गोरे आणि जवळजवळ तितक्याच बायका. ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, हा जो आकडा सगळीकडे फिरतो तो तिथला. औषध आपल्यालाही लागू पडतं, यात शंका नाही. पण ते कुणाला द्यायचं याची रेघ आपल्या अंगाला बघून आखलेली नाही.

निदान इंग्लंडनं हे ओळखलंय. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं जून २०२५ पासून टिर्झेपॅटाइड, म्हणजे याच जातीचं दुसरं औषध, वजनासाठी द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यात कुणाला? बीएमआय ४० च्या वर आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, झोपेत श्वास अडकणं, कोलेस्टेरॉल या पाचांपैकी किमान चार आजार असलेल्यांना. दक्षिण आशियाई माणसासाठी तीच रेघ ३७.५ वर आणलेली आहे. पहिल्या तीन वर्षांत अंदाजे २,२०,००० लोक, बाकीच्यांनी रांगेत थांबायचं. त्या हिशेबानं तुमच्या आईंचा नंबर तिथंही लागला नसता हे खरं. पण रांग कशी लावायची हे तिथं निदान बसून ठरवलंय, लेखी मांडलंय. आपल्याकडे रांग पाकिटानं लागते आणि त्याबद्दल कुणी काही ठरवलंच नाही.

पाकिटाचा हिशेब बघा. टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, सर्वांत लहान डोसची बाटली ३,५०० रुपये, आठवड्याला एक. जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आलं, सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ रुपये. पेटंट संपायची चाहूल लागताच नोव्हेंबरात तोच डोस १०,८५० वर आला. औषध तेच, कारखाना तोच. मग भाव ठरतो कशावर? २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता. नफा धरूनही सेमाग्लुटाइडचा महिन्याचा खर्च ०.८९ ते ४.७३ डॉलरमध्ये बसू शकतो, असा त्यांचा अंदाज. त्या वेळी अमेरिकेत छापील किंमत महिन्याला ९०० डॉलरच्या वर होती. संशोधनाला पैसा लागतो, हे मी नाकारत नाही. पण २०२३ मध्ये या औषधाच्या डॅनिश कंपनीचं बाजारमूल्य खुद्द डेन्मार्कच्या वार्षिक उत्पन्नाच्या पुढं गेलं होतं. संशोधनाचा खर्च कधीच वसूल झालाय.

पेटंटचं म्हणाल तर भारतात ते मार्च २०२६ मध्ये संपलं. त्याआधीच, डिसेंबर २०२५ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयानं डॉ. रेड्डीज कंपनीला जिथं पेटंट नाही अशा देशांत पाठवण्यासाठी ते बनवू दिलं होतं. अमेरिकेत पेटंट पुढच्या दशकापर्यंत चालणार आहे. कॅनडात तर गंमतच झाली. कंपनीनं काही शे डॉलरची वार्षिक फी भरली नाही आणि पेटंट वेळेआधीच गेलं. जगातली एवढी मोठी कंपनी, आणि आपला शेतकरी सातबाऱ्याची नोंद चुकली म्हणून वर्षभर तलाठ्याकडे खेटे घालतो!

आपल्या देशाला या वाटेची सवय आहे. २००१ मध्ये एचआयव्हीची तीन औषधं जगात वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जात होती, तेव्हा सिप्ला या आपल्या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी ती ३५० डॉलरला देऊ केली. २०१२ मध्ये कर्करोगाच्या एका औषधासाठी सरकारनं सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याच्या संमतीविना दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, आणि महिन्याचा खर्च २,८०,००० वरून ८,८०० रुपयांवर आला. आणि अगदी अलीकडचं, मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट संपलं तशी साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली. मिरजेच्या मेडिकलवाल्यांना पहिले काही दिवस कुठला ब्रँड ठेवायचा हेच कळेना, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींची रीघ लागली होती.

इंजेक्शनचा भाव मात्र गोळीसारखा कोसळेल असं धरू नका. पेन लागतं, निर्जंतुक भरणं लागतं, कारखान्यापासून तासगावपर्यंत ते सगळी वाट थंडच ठेवावं लागतं. याच घराण्यातलं जुनं लिराग्लुटाइड २०२४ च्या सुरुवातीला देशी स्वरूपात आलं, भाव सत्तर टक्क्यांनी उतरला, तरी दिवसाला शंभर रुपयांच्या घरात राहिला. शिवाय ते रोज टोचायचं.

आणि इथं मला बाजाराचा नव्हे, आपल्या भागाचा प्रश्न दिसतो. द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो, बेदाणा केला तर सौदा होईल तेव्हा. औषध आठवड्याला लागतं. मी कितीतरी घरांत बघितलंय, मार्च-एप्रिलमध्ये हातात पैसा असतो तेव्हा औषधं नीट चालू होतात. छाटणी, फवारणी, मजुरी सुरू झाली की आधी कोलेस्टेरॉलची गोळी बंद होते, मग बाकीच्या. या इंजेक्शनचं असं झालं तर हाती काही उरत नाही. स्टेप-१ मधल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. शुगरही फिरून चढते. बरं, उतरताना चरबीबरोबर स्नायू गेलेले असतात, आणि परत येताना बहुतेक चरबीच येते. म्हणून दोन महिने परवडतंय म्हणून सुरू करू नका. वर्षभराचा खर्च मांडून बघा, तो झेपत असेल तरच हात घाला.

सरकारी मदतीचं काय? फुले योजनेनं आईंची अँजिओप्लास्टी केली. पण ती योजना भरती होऊन करायच्या उपचारांची आहे, रोज घरी घ्यायच्या औषधांची नाही. स्टेंट फुकट आणि स्टेंट पुन्हा लागू नये म्हणून घ्यायचं औषध मात्र पदरचं, असा हा उलटा कारभार. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत सेमाग्लुटाइड नाही. यादीत असलं की सरकार कमाल किंमत ठरवू शकतं आणि सरकारी दवाखान्यांच्या खरेदीचा मार्ग सोपा होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या यादीत या जातीची औषधं घातली, तीही सरसकट नाही. टाइप-२ मधुमेह, त्यासोबत हृदयाचा किंवा किडनीचा आजार आणि लठ्ठपणा, अशा माणसांसाठी. मला हा क्रम पटतो. आपल्या राज्यानं उद्या ही औषधं एकगठ्ठा खरेदी करायची म्हटली तर मी हीच माणसं आधी घेईन. फक्त लठ्ठपणाच्या जागी कंबर मोजायची टेप ठेवीन.

याच संघटनेनं डिसेंबर २०२५ मध्ये लठ्ठपणासाठी या औषधांची मार्गदर्शक सूचना काढली. त्यात म्हटलंय की उत्पादन झपाट्यानं वाढवलं तरी २०३० पर्यंत गरजूंपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांपर्यंतच ते पोचेल. जगात शंभर कोटींहून जास्त माणसं लठ्ठ आहेत. एकट्या भारतात २०२३ च्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत मधुमेही १० कोटींच्या वर निघाले. एवढ्यांत दहा टक्के म्हणजे कोण हे कुणी ठरवलं नाही तर काय होतं, ते २०२२ नंतर अमेरिका-युरोपात दिसलं. वजनासाठी मागणी इतकी वाढली की मधुमेह्यांना त्यांचंच औषध मिळेना, आणि त्या टंचाईत बनावट पेनं बाजारात शिरली. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

आपल्याला याची झळ वेगळ्या बाजूनं लागलीय. सेमाग्लुटाइड बनवणाऱ्या त्याच कंपनीनं २०२५ मध्ये भारतात ह्यूमन इन्सुलिनची पेनात घालायची काडतुसं टप्प्याटप्प्यानं बंद करत असल्याचं सांगितलं, बाटल्या चालू ठेवल्या. दक्षिण आफ्रिकेत इन्सुलिन पेनांचा पुरवठा त्याआधीच थांबला होता. जास्त पैसा देणाऱ्या औषधाकडे कारखाने वळले, असं टीकाकारांचं म्हणणं. कारण काही असो, इकडं सत्तरीच्या म्हाताऱ्याला पेनाची सवय झालेली असताना पुन्हा सिरिंजवर चाळीस आणि शंभरच्या खुणा (चाळीसच्या इन्सुलिनला चाळीसची सिरिंज, शंभरच्याला शंभरची) ओळखायला शिकवावं लागतंय. डोळ्यांनी धड दिसत नाही, त्यात चुकीची सिरिंज हातात आली तर डोस अडीचपट इकडंतिकडं. नव्या औषधाच्या न्याय्य वाटपाबद्दल बोलताना जुनं, स्वस्त, जीव वाचवणारं औषध मागच्या दारानं जात नाही ना, हेही बघायला हवं.

मावसबहिणीवर राग धरू नका. लग्नाच्या बाजारात मुलीच्या वजनावर सासरची माणसं काय बोलतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या डॉक्टरांनी सगळं तपासून दिलं असेल तर ठीक. पार्लर किंवा जिममधून घेतलं असेल तर नाही. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी ते बंद करायचं असतं, एवढं तिला कळवा. लग्नानंतर लगेच ही वेळ येते आणि कुणी सांगितलेलं नसतं.

आता तुमच्या आईंचं. भाव पडेपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीबरोबर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा त्याच जातीची डापाग्लिफ्लोझिन चालू आहे का ते बघा. २०१५ च्या चाचणीत हृदयविकार असलेल्या मधुमेह्यांमध्ये एम्पाग्लिफ्लोझिननं हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले होते. आणि ही गोळी आता परवडते. किडनीचा रिपोर्ट बघून डॉक्टर ती सुरू करू शकतील. रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी अजिबात चुकवायची नाही. या तीन गोष्टी महिन्याला फारशा पैशांविना होतात आणि हृदय जपण्याचं मोठं काम इथंच होतं. एम्पाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळीनं लघवीच्या जागी खाज किंवा जळजळ आली तर लाजून दोन-दोन महिने अंगावर काढू नका म्हणावं, बायका ते सांगतच नाहीत. उलट्या-जुलाब झाले किंवा नवरात्रासारखे लांबलचक उपास असले तर ही एम्पाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी तेवढी, तेवढे दिवस थांबवायची, डॉक्टरांना विचारून.

हे सगळं बसल्यावर, देशी सेमाग्लुटाइडचा वर्षाचा खर्च घराला झेपतोय असं दिसलं, तर जरूर घ्या. पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. त्याच सस्टेन-६ मध्ये डोळ्याच्या पडद्याचे त्रास औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के निघाले. ज्यांचा पडदा आधीच खराब आणि शुगर एकदम उतरली, त्यांना ते प्रामुख्यानं झालं. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर आधी सांगा. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असेल तर तिचा डोस डॉक्टर कमी करतील, नाहीतर शुगर फार उतरून चक्कर येते.

भूक मेल्यावर बायका पहिल्यांदा डाळ-उसळ सोडतात आणि चहा-बिस्किटावर राहतात. भाकरी अर्धी करा, पण वाटीभर मटकी, दही, अंडं चालत असेल तर अंडं, हे आधी ताटात पडू दे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन शिवाय हे इंजेक्शन म्हणजे पोट दिवसभर दगड. मळमळ पहिल्या महिन्यात होते, हळूहळू जाते. पोटात सतत, पाठीत जाणारी कळ आली तर मात्र वाट बघू नका.

पेन उघडण्याआधी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडल्यावर किती दिवस आणि किती तापमानाला चालतं ते प्रत्येक ब्रँडच्या कागदावर लिहिलेलं असतं, साधारणपणे मर्यादा ३० अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याच्या घरात दुपारी चाळीस असतं आणि लाइट गेलेली असते, म्हणून चालू पेनसुद्धा फ्रिजमध्येच राहू द्या. सांगलीहून नेताना एसटीच्या खिडकीत उन्हाला पिशवी ठेवू नका. बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून बाजूला, थेट चिकटवून नाही. एकदा गोठलेलं पेन वितळलं तरी वापरायचं नाही, कितीही महाग असलं तरी.